पोळी, भाकरी, गूळ, पालक: खाण्याबद्दलचे दावे घरच्या घरी कसे तपासायचे

"साखर वाढलीय ना? मग पोळी बंद करा, ज्वारीची भाकरी खा." हा सल्ला दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या मिळतो, तोही फुकट. तो खरा की खोटा हे बघायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा घ्या. परात ठेवून काटा शून्यावर आणा, ३०० ग्रॅम कोरडी कणीक मोजा आणि नेहमीसारख्या पोळ्या करा. लाटताना लावायचं पीठही याच ३०० ग्रॅममधून घ्या, नाहीतर हिशेब चुकतो. मध्यम आकाराच्या साधारण ११ पोळ्या होतात, म्हणजे एका पोळीत २७ ग्रॅम पीठ. दुसऱ्या दिवशी तेवढंच ज्वारीचं पीठ घ्या. हाताच्या पंजाएवढ्या, थोड्या जाड अशा चार भाकऱ्या झाल्या, तर एकेका भाकरीत ७५ ग्रॅम पीठ गेलं.

आता पिठात काय आहे ते बघू. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात कर्बोदकं साधारण ६४ ग्रॅम, ज्वारीत ६८. तंतू गव्हात ११ ग्रॅम, ज्वारीत १०. प्रथिनं दोन्हीकडे १० च्या आसपास. थोडक्यात, पिठं जवळजवळ सारखी. फरक पडतो तो आकारात: एका पोळीतून १७ ग्रॅम कर्बोदकं जातात, एका भाकरीतून ५१. 'दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या' असा बदल करणाऱ्याच्या ताटात ३५ च्या ऐवजी १०० ग्रॅमच्या वर कर्बोदकं येतात, आणि तीन महिन्यांनी तपासणीचा आकडा वाढला की दोष ज्वारीला मिळतो.

सल्ल्यात काहीच तथ्य नाही असंही नाही. भाकरीला तेल लागत नाही, चावायला वेळ लागतो, एकीत पोट भरतं. तीन पोळ्या खाणारा खरोखरच एका भाकरीवर थांबला तर त्याचं बरं चाललंय. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून ज्यांना सिलिॲक आजार आहे (गव्हातलं ग्लुटेन ज्यांच्या आतड्याला सोसत नाही) त्यांच्यासाठी ती गरजेचीच आहे. पण सल्ला देणारा 'किती' हा शब्द गाळतो, आणि आहाराबद्दलचे निम्मे गैरसमज या एका गाळलेल्या शब्दातून येतात.

दावा आधी पुरा लिहून काढा

'गूळ साखरेपेक्षा चांगला' हे वाक्य जसंच्या तसं तपासताच येत नाही. कोणासाठी, किती, कशाच्या जागी, आणि चांगला म्हणजे नेमकं काय होणार, हे त्यात घालून पाहा: 'दिवसभरात चहात जाणाऱ्या दोन चमचे साखरेऐवजी दोन चमचे गूळ घेतला, तर बाईच्या शरीराला लोह मिळेल.' आता हिशेब मांडता येतो. दोन लहान चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम. साखरेतून ४० कॅलरी, गुळातून ३५ ते ३८. १०० ग्रॅम गुळात लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे १० ग्रॅममध्ये अर्धा मिलिग्रॅमही नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, पुरुषासाठी १९. हे २९ नुसत्या गुळातून मिळवायचे तर दिवसाला ६०० ग्रॅमहून जास्त गूळ खावा लागेल!

गूळ चवीसाठी घाला की. पुरणपोळीत साखर घातली तर आम्हीही नाक मुरडू. पण मधुमेहात गूळ 'चालतो' असं समजून घातला तर तो साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली: रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, जमल्यास ५ टक्क्यांखाली. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. गूळ, मध, काकवी, सगळं त्याच २५ ग्रॅममध्ये बसवायचं.

कोष्टक कसं वाचायचं, आणि लोक कुठे फसतात

पदार्थात काय किती आहे हे बघण्यासाठी आपल्याकडचा सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली काढलेली भारतीय अन्नघटक कोष्टकं. त्यात ५२८ पदार्थ आहेत आणि नमुने देशभरातून गोळा केलेले आहेत. परदेशी ॲपमधले आकडे तिकडच्या वाणांचे असतात, शिवाय तिथे 'चपाती' म्हणून कोणीतरी भरलेला आकडा कुणाच्या चपातीचा आहे ते कळायला मार्ग नसतो.

कोष्टक वाचताना पहिली ठेच लागते ती ऊर्जेला. ती तिथे किलोज्यूलमध्ये दिलीय. कॅलरी हव्या असतील तर ४.१८४ ने भागा. १४०० किलोज्यूल म्हणजे सुमारे ३३५ कॅलरी. दुसरं, आकडे खाण्याजोग्या भागाचे असतात. फणस, सीताफळ किंवा काटेरी मासा बाजारातून आणलेल्या वजनावर मोजलात तर सगळंच फुगतं. आधी साफ करा, मग वजन.

सगळ्यात मोठी चूक कच्च्या आणि शिजलेल्यात होते. 'डाळीत २२ टक्के प्रथिनं' हे खरं आहे, पण ते कोरड्या डाळीत. वाटीभर वरणात डाळ किती असते ते असं काढा:

१. कोरडी तूरडाळ मोजा. समजा १५० ग्रॅम.
२. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. (हे हमखास विसरतं. मग गरम वरण दुसऱ्या भांड्यात ओतत बसावं लागतं.)
३. वरण शिजवून, घोटून, पाणी घालून, उकळी आणून पूर्ण तयार झालं की पातेल्यासकट मोजा आणि पातेल्याचं वजन वजा करा. समजा ९०० ग्रॅम भरलं.
४. तुमच्या नेहमीच्या वाटीत ते किती मावतं ते बघा. समजा १५० ग्रॅम.

९०० तल्या १५० ग्रॅममध्ये कोरडी डाळ येते २५ ग्रॅम. प्रथिनं? साडेपाच ग्रॅम. शरीराच्या दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम या शिफारशीनं ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 'आम्ही रोज वरण खातो, प्रथिनांची काय कमी' हे वाक्य दोन वाट्यांवर ११ ग्रॅमला येऊन थांबतं. पोळ्या आणि भातातून आणखी मिळतात, दही-दुधातून मिळतात, पण घरात वरण पातळ आणि उसळ आठवड्यातून एकदा असेल तर हिशेब जुळत नाही. पातळ वरणाला पर्याय महाग पावडरीचा नाही. पातेल्यात डाळ वाढवा, मूठभर दाणे खा, मटकीची उसळ आठवड्यात तीनदा करा.

उपवासाच्या खिचडीलाही हाच हिशेब लावून पाहा, कारण 'उपवास हलका' हा समज फार घट्ट आहे. दोघांसाठी १०० ग्रॅम साबुदाणा (३५० कॅलरी), ५० ग्रॅम दाण्याचा कूट (२८०), २५ ग्रॅम तूप (२२५), छोटा बटाटा (३५ ते ४०). एकेका ताटलीत साडेचारशेच्या आसपास कॅलरी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नावापुरतीच. खिचडीतली १२-१३ ग्रॅम प्रथिनं जवळपास सगळी कुटातली. वजनाच्या भीतीनं कूट कमी करून साबुदाणा वाढवणारे नेमकं उलट करतात.

रक्त वाढवणारे लाल पदार्थ

हिमोग्लोबिन कमी आलं की घरात बीट, डाळिंब, टोमॅटो यांची रांग लागते. लाल खाल्लं की लाल वाढतं, असं मनात कुठेतरी असतं. बिटाचा रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांचा. त्याचा लोहाशी संबंध नाही. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमच्या आसपास.

पालकाचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. पालकात लोह फार असतं हा समज एका शास्त्रज्ञाचं दशांशचिन्ह चुकल्यामुळे पसरला आणि म्हणून कार्टूनमधला पॉपाय पालक खायचा, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. चुकीचा समज खोडणारी म्हणून ती हिरिरीनं सांगितली जाते. ती १९८१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या एका लेखातून गाजली, पण २०१० मध्ये ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञ माइक सटन यांनी तिचा माग काढला तेव्हा त्या दशांशचिन्हाला पुरावाच सापडला नाही. आणि १९३२ च्या चित्रपट्टीत पॉपाय पालक खातो तो 'अ' जीवनसत्त्वासाठी. तेव्हा 'हा गैरसमज आहे' असं सांगणारा संदेशही तपासून घ्यावा लागतो. पालकात लोह १०० ग्रॅमला ३ मिलिग्रॅमच्या आसपास आहे, पण त्यातलं शरीरात फारच थोडं शोषलं जातं.

अळिवाच्या बाबतीत आकड्यांचाच घोळ आहे. जुन्या भारतीय कोष्टकात १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅम लोह दिलंय, आणि बाळंतिणीच्या आहारावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात तोच आकडा फिरतो. नव्या मोजणीत तो बराच कमी आलाय. पण वाद बाजूला ठेवून नुसता लाडू मोजा: एका लाडवात कोरडं अळीव चहाचा चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम धरू. जुना आकडा खरा मानला तरी ५ मिलिग्रॅम. लाडू चांगलाच आहे, पण लोहाच्या गोळ्यांची जागा तो घेऊ शकत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे जाऊन कारण शोधा, गोळ्या सुरू करा.

आहारातून खरा फरक पडतो तो शोषणात, आणि तिथे जुन्या सवयींपैकी एक बरोबर आहे, एक चूक. पोह्यांवर, वरणभातावर, पालेभाजीवर लिंबू पिळणं बरोबर: 'क' जीवनसत्त्व वनस्पतींमधलं लोह शोषायला मदत करतं. ताटात वाढल्यावर पिळा, कढईत शिजवू नका, कारण उष्णतेनं ते नष्ट होतं. पोह्यांबरोबर चहा ही चूक. चहातली टॅनिनं लोह धरून ठेवतात. चहा सोडू नका, जेवणानंतर किंवा नाश्त्यानंतर तासभर पुढे ढकला. आणि टोमॅटो-चिंचेचं आंबट कालवण लोखंडी कढईत शिजवलं तर त्यात लोह उतरतं, हे ऐकीव नाही, खरंच आहे. फक्त शिजल्यावर दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर चव आणि रंग दोन्ही जातात.

नाचणीचं सत्त्व

नाचणीत कॅल्शियम भरपूर, हा दावा तपासल्यावरही टिकतो. १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे वजनाला वजन दुधाच्या जवळजवळ तिप्पट. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून १७० ते १८०. प्रौढाची गरज १००० मिलिग्रॅम.

गडबड होते ती सत्त्वात. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, पातळ फडक्यातून गाळतात, खाली बसलेला पांढरा साका वाळवतात आणि चोथा टाकून देतात. नाचणीचं कॅल्शियम बरंचसं दाण्याच्या सालीत असतं, म्हणजे फेकलेल्या चोथ्यात. पांढरंशुभ्र सत्त्व पचायला सोपं, पण ज्या कारणासाठी नाचणी आणली ते कारण फडक्यातच राहिलं. मोड आणून वाळवलेली नाचणी मंद भाजून दळा आणि न चाळता सगळं पीठ वापरा. मोडांमुळे कॅल्शियम अडवून धरणारं फायटेट कमी होतं, शोषण सुधारतं. दाटपणा आवडत नसेल तर पीठ थंड पाण्यात कालवून मगच गॅसवर ठेवा, गुठळ्या होत नाहीत.

पाकिटावरचे दावे

पाकिटाची पुढची बाजू जाहिरात असते, मागची कायद्यानं छापावी लागते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. 'मल्टिग्रेन' बिस्किटात पहिलं नाव मैद्याचं आणि दुसरं साखरेचं असेल, तर नाचणी-ओट चवीपुरते. साखर तीन नावांनी विभागली असेल (साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिनसारखं काही) तर ती यादीत खाली दिसते; तिन्ही मनात एकत्र करा.

पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० ग्रॅमचा रकाना बघा. 'एका सर्व्हिंगमागे' हा रकाना कंपनीच्या सोयीचा. पाकिटावर सर्व्हिंग २० ग्रॅम लिहिलंय आणि घरात दोन भरलेले मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम पडतात, तर सगळं दीडपट. तेलाच्या डब्यावरचं 'शून्य कोलेस्टेरॉल' खरं आहे, पण ते घाण्याच्या शेंगदाणा तेलालाही लागू आहे आणि पामतेलालाही. वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. तेल कोणतं यापेक्षा महिन्याला किती डबे लागतात ते मोजा. माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला तुपासकट सव्वातीन किलो, लिटरमध्ये साधारण साडेतीन. पाच लिटरचा डबा महिना संपायच्या आत संपत असेल तर ब्रँड बदलून काही होणार नाही.

सैंधवाचंही असंच. ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, रक्तदाबाला साध्या मिठाइतकंच वाईट. वर बहुतेक सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. उपवासापुरतं ठीक; रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ ठेवा.

'संशोधनात सिद्ध झालंय'

असं वाचलं की विचारा, कोणावर? गरोदरपणात पपई नको, या समजाचं उदाहरण घ्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात कच्च्या पपईच्या चिकानं गर्भाशयाचं आकुंचन झालं, पिकलेल्या पपईच्या रसानं झालं नाही. म्हणजे आजीच्या सांगण्यात तथ्य आहे, पण ते कच्च्या, चीक असलेल्या पपईपुरतं. पूर्ण पिकलेल्या, चीक न राहिलेल्या फळाच्या चार फोडींना तो पुरावा लागू होत नाही. पोटात गाठ असेल किंवा आधी गर्भपात झाला असेल तर डॉक्टरांना विचारून खा. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्यानं कोड येतं, हे मात्र सरळ चूक. कोडात शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा त्वचेच्या रंगपेशींवर हल्ला करते. बंगालमध्ये दह्यातला मासा पिढ्यान् पिढ्या खातात.

स्वतःवर तपासायचं असेल तर

मधुमेहींना ग्लुकोमीटरनं भाकरी-पोळीचा प्रश्न स्वतःच सोडवता येतो. तीन दिवस तेवढंच पीठ मोजून पोळी, तीन दिवस भाकरी. भाजी, वरण, वेळ, औषधं सगळं तेच. पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजायचं. हात साबणानं धुऊन, पुसून, कोरडे करून. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटांवरचा रस आकडा भलताच चढवतो. मीटर १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत मागेपुढे दाखवू शकतं, म्हणून १६० आणि १७५ यांत फरक आहे असं धरू नका. तीन दिवसांची सरासरी ४०-५० नं वेगळी आली तर मात्र ती मोजण्याजोगी आहे.

काही गोष्टी करून बघायच्याच नसतात. कारल्याचा रस, मेथीदाणे, दालचिनी यांच्या भरवशावर औषध बंद करून पाहणं ही त्यातली पहिली. नवजात बाळाला मध चाटवणं दुसरी: मधात बोट्युलिझमच्या (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात. सोन्याची अंगठी उगाळायची असेल तर कागदावर उगाळा, बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध. आणि रोज सकाळी दुधी भोपळ्याचा रस पिणाऱ्यांनी दुधी कापल्यावर रस काढायच्या आधी एक बारीक फोड जिभेवर ठेवून पाहावी. कडू लागली तर थुंकून टाका, चूळ भरा आणि अख्खा दुधी फेका. त्यातल्या कुकरबिटॅसिन या कडू, विषारी द्रव्यानं आपल्या देशात माणसं दगावली आहेत. साखर किंवा लिंबू घालून कडूपणा झाकू नका, आणि रस काढल्यावर कडू लागला तरी 'औषध कडूच असतं' म्हणून गिळू नका. प्यायल्यावर उलटी, पोटात कळ किंवा जुलाब सुरू झाले तर थेट रुग्णालयात जा, जाताना दुधीचा उरलेला तुकडा बरोबर न्या.